पुढचं डोळ्यांसमोर आणलं की आजचा मोह आवरतो का? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बचतीवर लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की हात आवरायचा असेल तर पुढच्या दिवसांचा विचार करा. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेल आल्या की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांचं म्हणणं एकच, विचार तर रोज करतो हो, पण ऐन वेळी काही उपयोग होत नाही. बरोबर आहे तुमचं. पुढचा विचार करायचेही प्रकार असतात, त्यातले काही कामाला येतात आणि काही चक्क नुकसान करतात. खाली निवडक प्रश्न घेतलेत, नावं नेहमीप्रमाणे देत नाही.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे, मूळ बीड जिल्ह्यातला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय, तिसरा अटेम्प्ट आहे. अभ्यासिकेत टेबलासमोर 'उपजिल्हाधिकारी' असं मोठ्या अक्षरात चिकटवलंय. रोज सकाळी डोळे मिटून गावातली मिरवणूक, सत्कार, आईच्या डोळ्यातलं पाणी सगळं बघतो, खूप भारी वाटतं. पण अकराच्या चहाला मोबाईल हातात घेतला की तो जेवायच्या वेळेलाच खाली जातो, रील्स नाहीतर टेलिग्रामवर जागा किती निघणार याच्या चर्चा. एवढं मोठं ध्येय समोर असून कंट्रोल का राहत नाही?

उत्तर : अरे, त्यातला बराचसा दोष त्या सत्काराचाच आहे. रागावू नकोस, नीट सांगते. गाब्रिएल ओटिंगन नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं कित्येक वर्षांचं काम याच विषयावर आहे. त्यांनी नुकत्याच पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना विचारलं की नोकरी लागल्याची गोड स्वप्नं किती वेळा रंगवता, आणि दोन वर्षांनी परत गाठलं. ज्यांची स्वप्नं जास्त गोड होती त्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना ऑफर कमी आल्या होत्या आणि पगारही कमी होता. वजन कमी करायला आलेल्या बायकांच्या बाबतीतही हेच दिसलं, बारीक झाल्याची गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा कमीच घटलं. नंतरच्या प्रयोगात असंही आढळलं की असं स्वप्न रंगवताना माणसाचा वरचा रक्तदाब चक्क खाली येतो, म्हणजे शरीर सैल पडतं, काम झाल्यासारखं. तू सकाळी सत्कार घेऊन मोकळा होतोस, मग अकरा वाजता अंगात धार उरत नाही.

मग ध्येयाचा विचार सोडायचा का, तर नाही, विचार बदलायचा. हॅम्बर्गच्या यान पीटर्स आणि क्रिस्टियान ब्यूखेल यांनी २०१० मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना विचारायचं, आत्ता थोडे पैसे घेता की काही दिवसांनी जास्त घेता. नुसतं '४५ दिवसांनी' म्हटलं की लोक आत्ताचे उचलतात. पण त्याच ४५ दिवसांच्या खाली त्या माणसाचा स्वतःचा, खरोखर ठरलेला एखादा कार्यक्रम लिहिला, समजा एखादी ट्रिप, तर तोच माणूस थांबायला जास्त तयार होतो. त्या कार्यक्रमाचा पैशाशी काही संबंध नव्हता बरं का. पुढचा काळ नुसता आकडा न राहता त्यात आपण स्वतः कुठेतरी उभे असलेले दिसलो, एवढ्यानेच फरक पडला.

तुझ्यासाठी तो दिवस म्हणजे मिरवणुकीचा नाही, पेपरचा दिवस. राज्यसेवेची मुख्य आता वर्णनात्मक झालीय, म्हणजे समोर कोरी उत्तरपत्रिका आहे, प्रश्न पाहिलाय, पेन हातात आहे आणि मुद्दे आठवून सलग लिहायचंय. ते चित्र बघ. हॉल, बाक, घड्याळ, हाताला आलेला घाम, आणि सोबतीला असा एक टॉपिक जो तू या आठवड्यात खरंच लिहून काढलायस, त्यामुळे पहिली ओळ लगेच सुचतेय. मग लगेच स्वतःला विचार की यात आज आडवं काय येणारे. तुझं उत्तर तू पत्रातच दिलंयस, अकराचा चहा. तर तिथे 'असं झालं की असं करायचं' या साच्यात एक वाक्य लिहून ठेव, 'चहाला उठलो की फोन टेबलाच्या कप्प्यातच राहील आणि मी नुसता पाकीट घेऊन खाली जाईन.' मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी असल्या वाक्यांवर भरपूर काम केलंय, 'मी मोबाईल कमी वापरेन' या नुसत्या संकल्पापेक्षा ती जास्त टिकतात, कारण त्या क्षणी ठरवायला काही शिल्लकच राहत नाही. टेलिग्रामचे ग्रुप मात्र आजच सोड, जागा किती निघणार हे आयोगाच्या जाहिरातीत कळेलच.

आणि तिसरा अटेम्प्ट आहे म्हणून आणखी एक. हा झाल्यावर पुढे काय, त्याचीही एक तारीख वहीत लिही, घरी बोलून. दुसरी वाट लिहून ठेवली म्हणजे पहिलीवरचा विश्वास गेला असं नसतं, उलट डोकं शांत राहतं आणि अभ्यास बरा होतो.

प्रश्न : वय ४७, नाशिकला माझं दुकान आहे. एचबीए१सी ६.२ आलंय, डॉक्टर म्हणाले अजून शुगर नाही पण काठावर आहात. घरात रोज ऐकतो, किडनी जाईल, पाय कापावा लागेल. वडिलांना शुगर होती, सगळं डोळ्यांनी पाहिलंय. तरी दुपारचा डबा झाला की समोरून जिलबी येतेच, आणि दिवसभरात सहा-सात चहा, सगळे साखरेचे. भीती खूप वाटते पण खाताना आठवत नाही.

उत्तर : दादा, खाताना आठवत नाही कारण मन ते आठवू देत नाही. नकोसं चित्र आपण बाजूला सारतो, सगळेच सारतो, आणि वडिलांचे हाल तर तुम्ही पाहिलेत, ते दुपारी दुकानात बसून कोण आठवेल. वहिनींचं चुकत नाही, काळजीने बोलतात त्या, पण रोजच्या धाकाने माणूस सुधारण्याऐवजी चोरून खायला शिकतो.

आधी एक चांगली गोष्ट बघा. ५.७ ते ६.४ हा काठावरचा पट्टा, तुम्ही त्यात आहात, आणि इथून मागे फिरता येतं. दुसरं म्हणजे ही तपासणी रक्तातल्या साखरेची साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. म्हणजे तुमच्यासाठी 'भविष्य' म्हातारपणी वगैरे नाही, ते तीन महिन्यांवर आहे आणि त्याला तारीख आहे. डॉक्टरांना विचारून ती तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहा, जिथे उधारीच्या तारखा लिहिता तिथेच.

अमेरिकेत बफेलोला लेनर्ड एपस्टाइन आणि त्यांचे सहकारी नेमकं हेच बघतात, की पुढच्या घटना मनात जिवंत केल्या तर खाण्यावर काय परिणाम होतो. २०१३ च्या त्यांच्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या बायकांसमोर आवडीचं खाणं भरपूर ठेवलं होतं, हवं तेवढं खा. ज्या स्वतःच्या आयुष्यातल्या पुढच्या चांगल्या घटना मनात आणत होत्या त्यांनी बाकीच्यांपेक्षा कमी खाल्लं. लक्षात घ्या, चांगल्या घटना, खऱ्या होऊ शकणाऱ्या, आणि स्वतःच्या. कुणाची किडनी नाही.

तुम्ही असं करा. एका महिन्यानंतरचं, तीन महिन्यांनंतरचं आणि वर्षानंतरचं अशी तीन चित्रं लिहा, 'मी करतोय' अशा भाषेत. उदाहरण देते. 'श्रावणातला रविवार आहे, मुलीबरोबर त्र्यंबकला ब्रह्मगिरी चढतोय, पायऱ्या ओल्या आहेत, ती पुढे जाऊन मागे वळून बघतेय, मला दम लागलाय पण थांबावं लागत नाहीये, वर धुकं आहे आणि पिशवीत शेंगदाणे आहेत.' एवढं बारीक हवं, 'मी फिट झालोय' असलं मोघम लिहिलंत तर काही होणार नाही. फोनमध्ये स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि डबा उघडायच्या आधी कानाला लावून ऐका, दोन मिनिटं लागतात. जेवण झाल्यावर ऐकायचं नाही, तोवर जिलबी आलेली असते.

एवढ्याने शुगर उतरेल असं मात्र मी म्हणणार नाही. यातून तुम्हाला मिळतो तो हात पुढे जायच्या आधीचा थोडासा वेळ, आणि त्या वेळात सोपी वाट समोर दिसली पाहिजे. म्हणून जिलबीवाल्याला सांगून टाका की मी मागवल्याशिवाय पाठवू नको. चहा आधी सहावरून तीनवर आणा, मग साखर अर्धी. जेवल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारा. औषधाचं आणि पथ्याचं डॉक्टर सांगतील तसंच.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, आम्ही ठाण्याला असतो. तो मार्शमॅलोचा (परदेशातली एक मऊ मिठाई) व्हिडीओ पाहून मी घरी करून बघितलं, एक चॉकलेट समोर ठेवलं आणि म्हटलं दहा मिनिटं थांबलास तर दोन देईन. मी वळायच्या आत त्याने संपवलं. म्हणतात की जी मुलं थांबतात तीच पुढे यशस्वी होतात. खूप टेन्शन आलंय.

उत्तर : ताई, टेन्शन सोडा, अगदी मनापासून सांगते. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत साठच्या दशकाच्या शेवटी हे प्रयोग सुरू केले, आणि ती मुलं मोठी झाल्यावर थांबणाऱ्यांचे परीक्षेतले गुण वगैरे चांगले दिसले म्हणून ते जगभर गाजलं. पण ती मुलं बरीचशी विद्यापीठाच्या आवारातल्या सुशिक्षित घरांतली होती आणि संख्येनेही थोडी होती. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० पेक्षा जास्त मुलांच्या माहितीवर तेच तपासलं, त्यात संबंध निम्माच निघाला आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशोबात घेतल्यावर फारच थोडा उरला. व्हिडीओवाले हे सांगत नाहीत.

मला स्वतःला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो सेलेस्ट किड यांचा २०१३ मध्ये छापलेला प्रयोग. मार्शमॅलोच्या आधी मुलांना सांगितलं, थांब, मी छान रंग घेऊन येते. काही मुलांना ते खरंच आणून दिले आणि काहींना येऊन म्हटलं, सॉरी, नाहीयेत. नंतर मार्शमॅलो ठेवला तेव्हा पहिली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली आणि दुसरी जेमतेम ३. म्हणजे मोठ्या माणसाचा शब्द खरा होतो का, यावर मूल थांबायचं की नाही ते ठरवतं, आणि ते शहाणपणाचंच आहे. तेव्हा मुलाची परीक्षा घेण्यापेक्षा 'रविवारी बागेत नेईन' म्हटलं की रविवारी न्या, जमणार नसेल तर शनिवारीच सांगा. आणि थांबायचं कसं हेही शिकवा, मिशेल यांच्याकडची जी मुलं थांबली ती मार्शमॅलोकडे टक लावून बसली नव्हती, कुणी गाणं म्हणत होतं, कुणी डोळे झाकून बसलं होतं. समोर चॉकलेट असताना पाच वर्षांच्या पोराला दुसरं काय जमणार, झाकून ठेवा की.

प्रश्न : आम्ही शिरोळ तालुक्यातले, दोन एकर ऊस आहे. कारखान्याचं बिल आलं की सोसायटीची कपात होऊन जे हातात येतं ते महिन्या-दीड महिन्यात संपतं. गावची यात्रा, पाहुणे, कुणाचं तरी लग्न, यंदा मालकांनी जुन्या गाडीच्या जागी बुलेट घेतली. जूनला पोरांची फी आली की परत उसनवारी. सासरचे म्हणतात घरात कुणाला पुढचा विचारच नाही, आणि मलाही तसंच वाटायला लागलंय.

उत्तर : ताई, तुम्ही स्वतःला एवढं लावून घेऊ नका. पुढचा विचार नाही असं म्हणणाऱ्यांना महिन्याच्या महिन्याला पगार येत असेल तर त्यांना हे कळणं अवघड आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूच्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास आला होता. तेच शेतकरी, एकदा तोडणीआधी म्हणजे ओढाताणीच्या दिवसांत तपासले आणि एकदा पैसे आल्यावर. पैशाची तंगी असताना त्याच माणसांची विचार करायची, मन आवरायची चाचणी कमी आली आणि पैसे आल्यावर ती सुधारली. माणूस तोच, घर तेच, बदललं फक्त खिशातलं. सतत आजचं भागवण्यात डोकं गुंतलेलं असलं की उद्यासाठी जागाच राहत नाही, याला स्वभाव म्हणायचं कारण नाही.

पण मग बिल आल्यावर ते दीड महिन्यात का संपतं, तर वर्षभर दाबून ठेवलेल्या सगळ्या गरजा आणि हौस त्याच दिवशी दारात उभ्या राहतात, आणि यात्रेचे पाहुणे दिसतात, जून दिसत नाही. तुम्ही जून आधीच दाखवायचा. पुढचं बिल यायच्या आधी, पैसे हातात नसताना, एका रात्री मालकांबरोबर आणि पोरांबरोबर बसा, कारण पैसे आल्यावर ही चर्चा होत नाही, भांडण होतं. जूनची पंधरा तारीख घ्या, शाळेच्या ऑफिसात कोण उभं आहे, किती रक्कम भरायची आहे, पोरगी कितवीत गेलीय, सगळं पोरांनाच सांगू दे. मग तसंच खताचं, मग दिवाळीचं.

आणि बिल जमा झालं त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही, बँकेत तीन वेगवेगळ्या एफडी करा, एक जूनला सुटणारी, एक खताच्या वेळेला, एक दिवाळीआधी. मोडता येतात, पण मोडायला सहसा बँकेत जाऊन सही करावी लागते, तेवढी अडचण पुष्कळ असते. फिलिपिन्समध्ये मिंदानाओ बेटावर एका ग्रामीण बँकेने असं खातं काढलं होतं, आपणच तारीख किंवा रक्कम ठरवायची आणि तोपर्यंत पैसे काढता येणार नाहीत, व्याज एक पैसाही जास्त नाही. वर्षभरात असं खातं देऊ केलेल्या गटाची शिल्लक बाकीच्यांपेक्षा ८१ टक्क्यांनी जास्त वाढली. आपल्याकडच्या बायकांना ही गोष्ट नवीन नाही, भिशी म्हणजे दुसरं काय आहे, दर महिन्याला चारचौघींसमोर पैसे ठेवायचे म्हणजे ठेवायचेच. तुम्ही भिशी लावत असाल तर चालू ठेवा, फक्त ओळखीच्या दहा-बाराजणींची, मोठ्या रकमेच्या आणि व्याजाचं आमिष दाखवणाऱ्या भिशीत अजिबात जाऊ नका, बुडाली तर दाद मागणं फार कठीण जातं.

यात्रेसाठीही रक्कम बाजूला काढाच. पाहुणे येणारच आणि आलेच पाहिजेत, फक्त त्या दिवसाचा आकडा आधी ठरलेला असू दे.

प्रश्न : वय २८, हिंजवडीत आयटीत आहे. ४० ला रिटायर व्हायचंय. एसआयपी सुरू करतो आणि सेल लागला की बंद करतो. सध्या शेअर बाजारात ऑप्शन्स करतोय म्हणजे लवकर कॉर्पस, म्हणजे मोठी रक्कम, होईल. टार्गेट क्लिअर आहे पण शिस्त नाही.

उत्तर : ऑप्शन्स आजच थांबव. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांचं नुकसान झालं, सरासरी सुमारे २ लाख रुपये. ४० चं स्वप्न तुला इकडे ढकलतंय, कारण त्या स्वप्नात फक्त आकडा आहे, त्यात राहणारा माणूस नाही.

हॅल हर्शफील्ड यांनी २०११ मध्ये कॉलेजच्या मुलांना व्हर्च्युअल रिअॅलिटीत स्वतःचाच सत्तरीचा चेहरा दाखवला. नंतर विचारलं, अचानक १,००० डॉलर मिळाले तर निवृत्तीसाठी किती ठेवाल. म्हातारा चेहरा पाहिलेल्यांनी सरासरी १७२ सांगितले, आत्ताचाच चेहरा पाहिलेल्यांनी ८०. फोनवर असली ॲप आहेत, एकदा बघ, पण त्यावर थांबू नकोस. त्या म्हाताऱ्याचा एक साधा मंगळवार लिहून काढ, कुठे राहतो, भाडं कोण भरतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर पैसे कुठून आले. मग एसआयपीला स्टेप-अप लाव, इन्क्रिमेंटच्या महिन्यात आपोआप वाढणारी. थेलर आणि बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कंपनीत हेच केलं, बचत आज वाढवायची नाही, पुढच्या पगारवाढीला वाढवू असं आजच कबूल करायचं, तर लोकांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ वर गेली. आजच्या खिशाला हात लागत नाही म्हणून लोक हो म्हणतात. शॉपिंग ॲपमधून कार्ड काढून टाक, नंबर दर वेळी टाइप करावा लागू दे.

प्रश्न : मी ६३ वर्षांची, डोंबिवलीला राहते, शाळेतून निवृत्त. माझा प्रश्न उलटा आहे. आयुष्यभर पुढचा विचार केला. पेन्शन आहे, पीपीएफ दोनदा वाढवला, मुलं सेटल आहेत. कन्याकुमारी बघायची फार इच्छा आहे पण दर वर्षी वाटतं, नको, पैसे असू देत, पुढे लागतील. रिक्षासुद्धा करवत नाही.

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण तुमच्यासारख्या खूपजणी आहेत आणि त्यांना कुणी काही सांगत नाही, सगळे उलट कौतुकच करतात. रॅन किवेट्झ आणि अनत केनन यांनी याचा अभ्यास केलाय. नुकतीच संपलेली कॉलेजची सुट्टी कशी गेली विचारलं तर मुलांना वाईट वाटत होतं की अभ्यास थोडा करायला हवा होता. पण पास होऊन ४० वर्षं झालेल्यांना विचारलं तेव्हा खंत उलटी होती, मजा कमी केली, फिरलो नाही, जपूनच राहिलो. काळ जातो तशी जपल्याची खंत वाढत जाते.

तुमचे हिशोब मी बघू शकत नाही, पण तुमचं पत्र सांगतंय की आजारपणाची, घराची तजवीज झालेली आहे. तेवढी खात्री एकदा मुलाला बरोबर घेऊन कागदावर करा, आजारपणाची रक्कम वेगळी काढून ठेवा आणि तिला हात लावायचा नाही असं ठरवा, म्हणजे उरलेल्याची भीती जाईल. मग वर दुकानवाल्या दादांना सांगितलं तेच तुम्ही करा, तेच चित्र लिहा. सकाळची बोट आहे, विवेकानंद शिलास्मारकाकडे निघालीय, वारा सुटलाय, पदर सावरताय, शेजारी मैत्रीण आहे. तुम्ही सत्तरीत याकडे मागे वळून बघाल तेव्हा तिकिटाचे पैसे आठवतील का बोट आठवेल, एवढंच स्वतःला विचारा. जानेवारी-फेब्रुवारी त्या बाजूला बरा असतो, फार उकडत नाही. रेल्वेचं रिझर्वेशन आता १२० नाही, ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे १५ जानेवारीला निघायचं असेल तर नोव्हेंबरच्या मध्याला तयार राहा. खालचा बर्थ मिळावा म्हणून वय नीट टाका आणि मैत्रिणीला आजच फोन करा.